रंगीत पट्ट्यांची भाषा : रेझिस्टर वाचता येणे ही कारागिराची पुंजी

वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, नेरूळ किंवा पनवेल, नवी मुंबईच्या कोणत्याही बाजारात फेरफटका मारा. मोबाईल, टीव्ही, इन्व्हर्टर, मिक्सर आणि एलईडी दिवे दुरुस्त करणारी लहान दुकाने हमखास दिसतील. आपल्या समाजातील अनेक तरुण याच धंद्यात आहेत. कोणी दहावीनंतर उस्तादाच्या हाताखाली बसला, तर कोणी शाळा अर्ध्यावर सोडून थेट सोल्डरिंगची कांडी हातात घेतली. हात चांगला बसला, धंदाही चालू लागला. तरीही एक उणीव पुष्कळ ठिकाणी राहून जाते. कोणता भाग कुठे बसतो हे शागीर्दाला पाठ असते, परंतु त्या भागावर काय लिहिले आहे ते त्याला वाचता येत नाही.

बोर्डावर सर्वात जास्त संख्येने असणारा आणि सर्वात स्वस्त भाग म्हणजे रेझिस्टर. दुकानात त्याला सरसकट 'रेझिस्टन्स' म्हणतात. घाऊक भावात पाव वॅटचा एक नग रुपयापेक्षाही कमी किमतीत मिळतो. या एवढ्याशा भागाची किंमत चुकीची वाचली तर शेकडो रुपयांचा बोर्ड जळतो, गिऱ्हाईक तुटते आणि बाजारातील नाव खराब होते. म्हणून या वेळी आम्ही हाच विषय घेतला आहे. यात मोठे शास्त्र नाही. एका दुपारी शिकून होते आणि जन्मभर उपयोगी पडते.

रेझिस्टर काय करतो?

पाण्याच्या नळाला तोटी असते. तोटी आवळली की पाणी कमी येते. रेझिस्टर हेच काम विजेच्या प्रवाहाबाबत करतो. तो किती अडवतो हे 'ओहम' या मापात सांगतात. जर्मनीच्या गेऑर्ग सायमन ओहम यांनी १८२७ साली हा नियम मांडला, त्यांचेच नाव या मापाला मिळाले. नियम सरळ आहे. व्होल्टला ओहमने भागले की अँपिअर, म्हणजे प्रवाह मिळतो. एक हजार ओहम म्हणजे एक किलो-ओहम, बाजारात त्याला नुसते 'एक के' म्हणतात. दहा लाख ओहम म्हणजे एक मेग.

आता प्रश्न असा की, किंमत सरळ आकड्यात न छापता रंगाचे पट्टे कशासाठी? कारण रेझिस्टर गोल आणि बारीक असतो. त्यावर आकडे छापले तर ते घासले जातात, आणि नग उलटा बसला तर आकडे बोर्डाच्या बाजूला जातात. गोल फिरलेला पट्टा कोणत्याही बाजूने दिसतो. रेडिओ बनवणाऱ्या अमेरिकन कारखानदारांनी १९२० च्या दशकात रंगांची पद्धत सुरू केली. पुढे १९५२ साली ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. त्यामुळे जपानचा, चीनचा किंवा भारतात बनलेला नग एकाच रीतीने वाचता येतो. चोरबाजारातून आलेल्या फार जुन्या रेडिओत मात्र पट्टे नसतात. तेथे पूर्ण अंगाचा रंग हा पहिला आकडा, टोकाचा रंग हा दुसरा आणि मधला ठिपका म्हणजे पुढची शून्ये असे वाचावे लागते.

'तानापिहिनिपाजा' विसरला नसाल तर निम्मे काम झाले

इंग्रजी पुस्तकांतून शिकलेले लोक 'बी. बी. रॉय' या नावाने सुरू होणारे वाक्य पाठ करतात. मराठी शाळेत शिकलेल्यांना त्याची गरज नाही. इंद्रधनुष्याचे रंग आपण सर्वांनी 'तानापिहिनिपाजा' असे पाठ केले आहेत. त्यातला पारवा वगळा. राहिले तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा आणि जांभळा. यांना क्रमाने २, ३, ४, ५, ६ आणि ७ हे आकडे द्या. या रंगांच्या आधी अंधार, म्हणजे काळा ० आणि तपकिरी १. नंतर उजेड, म्हणजे राखाडी ८ आणि पांढरा ९. दहाही आकडे झाले.

चार पट्ट्यांच्या नगात पहिला आणि दुसरा पट्टा हे दोन आकडे. तिसरा पट्टा म्हणजे पुढे किती शून्ये लावायची. चौथा पट्टा म्हणजे किंमत किती टक्के मागेपुढे असू शकते. सोनेरी असेल तर ५ टक्के, चंदेरी असेल तर १० टक्के, आणि चौथा पट्टा नसेलच तर २० टक्के.

उदाहरण घेऊ. पिवळा, जांभळा, तांबडा, सोनेरी. पिवळा ४, जांभळा ७, तांबडा म्हणजे दोन शून्ये. झाले ४७००, म्हणजे ४.७ के. सोनेरी असल्याने ५ टक्के फरक चालतो. म्हणजे मीटरवर ४४६५ पासून ४९३५ ओहमपर्यंत काहीही आले तरी नग चांगला आहे. मीटर ४६२० दाखवतो म्हणून चांगला नग फेकून देणारे कारागीर असतात. त्यांनी हा हिशेब ध्यानात घ्यावा.

तिसरा पट्टा सोनेरी असेल तर दोन आकड्यांच्या संख्येला दहाने भागायचे, चंदेरी असेल तर शंभराने. तांबडा, तांबडा, सोनेरी, सोनेरी म्हणजे २.२ ओहम. पॉवर विभागात असे कमी ओहमचे नग नेहमी भेटतात.

सुरुवात कोणत्या टोकाकडून?

सोनेरी किंवा चंदेरी पट्टा पहिला कधीच नसतो. तो उजव्या हाताला धरला की वाचन डावीकडून सुरू होते. चार पट्ट्यांत एवढे पुरते. खरी अडचण पाच पट्ट्यांच्या नगात येते. मेटल फिल्मचे, बहुधा निळ्या अंगाचे हे नग अधिक अचूक असतात. त्यांत पहिले तीन पट्टे आकडे, चौथा शून्ये आणि पाचवा टक्के दाखवतो. तपकिरी म्हणजे १ टक्का, तांबडा म्हणजे २ टक्के, हिरवा म्हणजे अर्धा टक्का. येथे शेवटचा पट्टाही आकड्याच्याच रंगाचा असतो, त्यामुळे सुलटे कोणते आणि उलटे कोणते हे कळत नाही.

हे पाहा. तपकिरी, काळा, काळा, तांबडा, तपकिरी. डावीकडून वाचले तर १०० वर दोन शून्ये, म्हणजे १० के. तोच नग फिरवला तर तपकिरी, तांबडा, काळा, काळा, तपकिरी. म्हणजे १२० वर शून्य काहीच नाही, नुसते १२० ओहम. दोन्ही किमती बाजारात खरोखर मिळतात. कुठे १० हजार आणि कुठे १२०! टक्क्यांचा पट्टा इतरांपासून थोडा लांब किंवा किंचित रुंद असतो अशी रीत आहे, परंतु स्वस्त मालात हे अंतर डोळ्यांना जाणवत नाही. अशा वेळी अंदाज बांधू नये. नग सुटा करून मीटर लावावा. साधा डिजिटल मीटर पाचशे रुपयांच्या आत येतो. त्याच्याविना दुकान चालवणे म्हणजे तराजूशिवाय वाणसामान विकणे होय.

१००, १२० आणि ४७०, मग ५०० का नाही?

शागीर्द विचारतो, ५ के का मिळत नाही, ४.७ केच का? त्याचे उत्तर टक्क्यांत आहे. १० टक्के फरकाच्या मालासाठी १० ते १०० या अंतरात १२ पायऱ्या ठरवल्या आहेत. त्या अशा : १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८ आणि ८२. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या साधारण सव्वापट, नेमके सांगायचे तर सुमारे १.२१ पट आहे. एका पायरीचा १० टक्के वरचा फरक आणि पुढच्या पायरीचा १० टक्के खालचा फरक जवळजवळ एकमेकांना भिडतात. म्हणून मधल्या किमती करण्याचे कारण उरत नाही. ५ टक्क्यांच्या मालासाठी अशाच २४ पायऱ्या आहेत.

हे बारा आकडे पाठ असले तर दोन फायदे होतात. पहिला, वाचताना चूक लगेच पकडता येते. चार पट्ट्यांच्या नगावर ७४ किंवा २१ असा आकडा आला तर समजावे की आपण उलटे वाचले किंवा रंग चुकला. दुसरा फायदा माल भरताना. १० ओहमपासून १ मेगपर्यंत या पायऱ्यांच्या ६१ किमती होतात. प्रत्येकी दहा नग ठेवले तर ६१० नग. एवढ्या साठ्यावर लहान दुकानाचे बहुतेक काम भागते आणि एका नगासाठी हार्बर लाइन पकडून लॅमिंग्टन रोडला जाण्याचा दिवस वाचतो.

एखादी किंमत संपलीच तर दोन नग जोडून काम होते. एकापुढे एक जोडले की किमतींची बेरीज होते : ३.९ के आणि ८२० ओहम मिळून ४७२० ओहम, म्हणजे ४.७ केच्या अगदी जवळ. सारख्या किमतीचे दोन नग समांतर जोडले की किंमत निम्मी होते.

एका पट्ट्याची चूक किती महागात पडते?

समजा १२ व्होल्टच्या चार्जरवर तांबडा इंडिकेटर एलईडी आहे. एलईडी स्वतः सुमारे २ व्होल्ट घेतो, उरलेले १० व्होल्ट रेझिस्टरवर पडतात. तेथे तपकिरी, काळा, तांबडा, म्हणजे १ केचा नग आहे. प्रवाह १० मिलीअँपिअर आणि उष्णता ०.१ वॅट. पाव वॅटचा नग निवांत चालतो. आता कोणी तिसरा तांबडा पट्टा तपकिरी समजून १०० ओहमचा नग बसवला. प्रवाह झाला १०० मिलीअँपिअर आणि उष्णता १ वॅट, नगाच्या ताकदीच्या चौपट. एलईडी लगेच जातो, नग काळा पडतो आणि त्याखालचा बोर्डही करपतो.

तांबडा आणि तपकिरी यांत घोटाळा होणे अगदी सहज घडते. उष्णतेने तांबडा तपकिरी दिसू लागतो, नारिंगी तांबड्यासारखा आणि पिवळा मळकट होतो. पिवळसर दिव्याखाली तर फरक आणखी पुसतो. म्हणून टेबलावर पांढऱ्या उजेडाचा दिवा आणि एक भिंग असावे. काही पुरुषांना जन्मतःच तांबडा आणि हिरवा रंग नीट वेगळा दिसत नाही. यात लाज वाटण्यासारखे काही नाही आणि अशा मुलाने हा हुन्नर सोडण्याचेही कारण नाही. उस्तादाने सुरुवातीलाच त्याची पारख करावी आणि त्याला प्रत्येक नग मीटरवर मोजण्याची सवय लावावी.

वॅट पट्ट्यांत लिहिलेले नसतात

पट्टे ओहम सांगतात, वॅट सांगत नाहीत. वॅट आकारावरून ओळखावे लागतात. साध्या कार्बन फिल्मचा पाव वॅटचा नग सुमारे ६ मिलिमीटर लांब, तर अर्ध्या वॅटचा सुमारे ९ मिलिमीटर असतो. ५ आणि १० वॅटच्या पांढऱ्या चौकोनी सिमेंट नगांवर वॅट आणि ओहम आकड्यांत छापलेले असतात. मूळ नगापेक्षा कमी वॅटचा नग कधीही लावू नये.

एसएमपीएस पॉवर सप्लायचे उदाहरण घ्या. २३० व्होल्ट सरळ केले की सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात. सुरू होण्यासाठी त्यावर ३३० के, म्हणजे नारिंगी, नारिंगी, पिवळा असा नग समजा लावलेला आहे. उष्णता होते ०.३२ वॅट. पाव वॅटचा नग येथे टिकणार नाही. शिवाय पाव वॅटचे साधे नग बहुधा २५० व्होल्टपर्यंतच चालवायचे असतात. म्हणूनच पुष्कळ बोर्डांवर येथे दोन नग एकापुढे एक दिसतात. ते दोन काढून 'एकात काम होते' म्हणणारा कारागीर तोच सेट परत दुकानात येण्याची सोय करत असतो.

आणखी एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे. एलईडी दिवा, चार्जर आणि जुन्या टीव्हीत वीज आत येते तेथे फ्यूजिबल रेझिस्टर असतो. बिघाड झाला की पेट न घेता तुटणे हेच त्याचे काम. त्याच्या जागी साधा नग किंवा तारेचा तुकडा लावला तर सेट चालेल, पण पुढच्या बिघाडात गिऱ्हाइकाच्या घरात आग लागू शकते. चार रुपये वाचवण्यासाठी कोणाचे घर धोक्यात घालणे आम्हाला कोणत्याही हिशेबात बसताना दिसत नाही.

जळालेला रेझिस्टर हा बहुतेक वेळा रोगाचे लक्षण असतो. पुढे एखादा ट्रान्झिस्टर, डायोड किंवा कपॅसिटर शॉर्ट झालेला असतो. तो न शोधता नुसता नग बदलला तर नवाही तसाच जळेल.

मोबाईलच्या बोर्डावर पट्टे कुठे?

एसएमडी नगांवर पट्ट्यांऐवजी आकडे असतात, पण रीत तीच आहे. १०३ म्हणजे १० वर तीन शून्ये, १० के. ४७२ म्हणजे ४.७ के. चार आकडे असतील तर पहिले तीन आकडे आणि चौथा शून्ये : १००२ म्हणजेही १० केच. येथे एक फसगत होते. १०० असे लिहिलेला नग शंभर ओहमचा नसतो, तो १० वर शून्य नाही, म्हणजे १० ओहमचा असतो. इंग्रजी 'आर' अक्षर दशांशचिन्हाच्या जागी येते : ४आर७ म्हणजे ४.७ ओहम आणि आर४७ म्हणजे ०.४७ ओहम. नुसते शून्य लिहिले असेल तर तो जोडतारेचे काम करतो. दोन आकडे आणि एक अक्षर अशी खूण १ टक्क्याच्या मालावर असते. ०१सी म्हणजे १० के. तिचा तक्ता वेगळा आहे, तो छापून भिंतीवर लावावा. १ मिलिमीटर लांबीच्या आणि त्याहून बारीक नगांवर सहसा काहीच लिहिलेले नसते. तेथे सर्किटचा नकाशा किंवा तसाच चांगला बोर्ड हाच आधार.

मीटर लावताना

सेटची वीज बंद करून मोठे कपॅसिटर रिकामे करावेत. बोर्डावर बसलेल्या नगाला मीटर लावला तर शेजारच्या वाटांमुळे किंमत कमी दिसू शकते, म्हणून कमी दिसली तर लगेच नग खराब ठरवू नये. परंतु छापील किमतीपेक्षा स्पष्टपणे जास्त दिसली तर नग गेलाच समजावा. खात्रीसाठी एक पाय सोडवून मोजावे. मेगमधील नग मोजताना दोन्ही हातांनी पाय धरू नयेत, आपल्या अंगातूनही प्रवाह जातो आणि किंमत कमी दिसते.

नवी मुंबई खाडीच्या काठावर आहे. पावसाळ्यातील दमट, खारट हवेने पाय गंजतात, आणि जुन्या कार्बन कंपोझिशनच्या नगांची किंमत ओल शोषून बदलते. साठा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. व्यापाऱ्यांनी नवा लॉट घेताना मधूनमधून दहा नग काढून मोजावेत. ५ टक्के म्हणून घेतलेला माल ५ टक्क्यांत बसलाच पाहिजे. पायाला चुंबक चिकटले तर आत तांब्याऐवजी पोलाद आहे हेही कळते, मग भाव त्याप्रमाणे ठरवावा.

पुढची वाट

ठाणे-बेलापूर पट्ट्यात, महापे येथील इलेक्ट्रॉनिक सदनसारख्या वसाहतींत, लहानमोठे इलेक्ट्रॉनिक उद्योग आहेत. अशा ठिकाणी जोडणी आणि तपासणीच्या कामाला माणूस घेताना पहिली परीक्षा बहुधा हीच असते : हा नग किती ओहमचा? शासकीय आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. भायखळ्याचे अंजुमन-ए-इस्लामचे साबू सिद्दिक पॉलिटेक्निक १९३६ पासून तांत्रिक शिक्षण देत आहे, आणि नव्या पनवेलमध्ये अंजुमनचे काळसेकर टेक्निकल कॅम्पस २०११ साली उभे राहिले. ज्यांना शक्य आहे त्यांनी मुलांना तेथे जरूर पाठवावे. ज्यांना शक्य नाही त्यांच्यासाठी दुकान हीच शाळा आहे, मात्र तेथे शिकवणारा उस्ताद हवा.

आज कंपन्यांच्या सेवा केंद्रांत 'पूर्ण बोर्ड बदला' हे उत्तर सर्रास मिळते. दुसरीकडे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' हे पोर्टल सुरू केले आणि वस्तू दुरुस्त करून वापरण्याचा ग्राहकाचा हक्क मान्य केला. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियमही लागू झाले. दुरुस्त झालेली प्रत्येक वस्तू हा तेवढा कमी कचरा आहे. जो कारागीर बोर्ड न बदलता त्यावरचा रुपयाचा नग ओळखून बदलू शकतो, त्याच्याकडे गिऱ्हाईक वाट वाकडी करून येते. त्याने मजुरी जरूर घ्यावी, ती नगाची किंमत नसून त्याच्या ज्ञानाची किंमत आहे. पण एका नगाचे काम करून पूर्ण बोर्डाचे पैसे लावू नयेत. मापात पाप नको, हे तराजूला जितके लागू आहे तितकेच मीटरलाही आहे.

दुकानदार बांधवांना आमची एकच सूचना आहे. येत्या सुट्टीच्या दिवशी दुकानातील मिसळलेल्या नगांचा डबा शागीर्दापुढे ओता आणि त्याला ते किमतीप्रमाणे वेगळे करायला सांगा. आधी डोळ्यांनी वाचायचे, मग मीटरने पडताळायचे. डबा संपेपर्यंत तो शिकलेला असेल आणि तुमचा साठाही लावून झालेला असेल.